दिसणारे पाणी, हाताशी असलेले पाणी

अमेरिकेतील युटा राज्याच्या आग्नेय भागात ‘डेड हॉर्स पॉइंट’ नावाचे एक उंच टोक आहे. मुख्य पठाराशी ते जमिनीच्या अवघ्या २७ मीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले असून उरलेल्या सर्व बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत. त्या भागातील दंतकथा अशी की, पूर्वीच्या काळी रानघोडे पकडणारे गुराखी घोड्यांचे कळप या टोकावर हाकलत आणि चिंचोळ्या पट्टीवर झाडाझुडपांच्या फांद्यांचे कुंपण घालत. कडे हेच बाकीच्या बाजूंचे कुंपण. एकदा काही घोडे तसेच मागे राहिले. सुमारे ६०० मीटर खाली कोलोरॅडो नदीचे भरले पात्र त्यांना दिसत होते. पण तेथवर उतरण्याची वाट नव्हती. पाणी डोळ्यांपुढे असताना ते घोडे तहानेने मेले.

ही कथा खरी किती आणि रचलेली किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या प्रदेशाचा स्वभाव तिच्यात नेमका उतरला आहे. तेथे नदी आहे, परंतु पाणी सहज मिळत नाही. सावली आहे, परंतु दिवसाचे काही तासच. मुक्कामाची जागा निवडताना हे ध्यानात न घेणाऱ्या प्रवाशाची पंचाईत ठरलेली.

या परिसराचे मुख्य ठाणे म्हणजे मोआब हे कोलोरॅडो नदीकाठचे छोटे शहर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,२०० मीटर. शहराच्या उत्तरेस ‘आर्चेस’ आणि नैर्ऋत्येस ‘कॅनियनलँड्स’ ही दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. पहिल्यात दगडाच्या २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. दुसऱ्यात कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी पठार कोरून खोल दऱ्यांचे जाळे निर्माण केले आहे आणि तेथेच त्या दोघींचा संगम होतो. वर्षाचा पाऊस जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर. महाबळेश्वरास पावसाळ्यातील एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. आज अनेक मराठी घरांतील मुले-मुली अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ती अशा सहली आखतात. डेन्व्हरहून मोआब साडेपाचशे किलोमीटरहून थोडे अधिक, तर सॉल्ट लेक सिटीहून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. हंगामात तेथील हॉटेलांचे दर चढे असतात, म्हणून पुष्कळ कुटुंबे तंबू गाडीत टाकून कॅम्पग्राउंडचा मार्ग धरतात.

कॅम्पग्राउंड म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट असावे. हिमालयातील सहलीत तंबू, गादी आणि जेवण यांची व्यवस्था आयोजक करतो. अमेरिकेतील सरकारी कॅम्पग्राउंडवर यातील काहीही मिळत नाही. भाड्याच्या मोबदल्यात मिळते ती क्रमांक घातलेली मोकळी जागा, गाडी उभी करण्याची सोय, एक लाकडी किंवा लोखंडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि सामायिक शौचालय. तंबू, अंथरूण, शेगडी, शिधा आणि बहुधा पाणीसुद्धा प्रवाशाने आणायचे. एका जागेवर साधारणतः १० माणसांपर्यंत मुभा असते.

जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर तिचे नियम ठरतात. राष्ट्रीय उद्यानांतील तळ नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. नदीकाठचे बहुतेक तळ ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन-खात्याचे, डेड हॉर्स पॉइंट युटा राज्याचे, तर पूर्वेकडील ला साल पर्वतातील तळ वनखात्याचे. याशिवाय शहरात खासगी तळ आहेत. तेथे वीज, पाणी आणि अंघोळीची सोय मिळते, दरही त्या मानाने अधिक असतो.

नव्या प्रवाशाचे मन साहजिकच नदीकडे ओढले जाते. मोआबपासून नदीच्या काठाकाठाने १२८ क्रमांकाचा राज्यमार्ग जातो आणि त्यावर एकामागून एक तळ लागतात. गूस आयलंड शहरापासून दोन-अडीच किलोमीटरवर, बिग बेंड सुमारे बारा किलोमीटरवर, हिटल बॉटम पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना तांबडे उभे कडे आणि मधून संथ दिसणारी नदी, असा देखावा अन्यत्र क्वचितच लाभतो. कड्यांमुळे ऊन सकाळी उशिरा येते आणि सायंकाळी लवकर सरते, हा उन्हाळ्यातील मोठा दिलासा होय.

तथापि या तळांवर पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. नदीचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की, घरगुती गाळणी थोड्याच वेळात तुंबते. आपल्याकडे नदीकाठचा मुक्काम म्हणजे पाण्याची ददात मिटली, असा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. येथे तो उपयोगी पडत नाही. रॉकी पर्वतातील बर्फ वितळून मे-जूनमध्ये नदीचे पाणी चढते. वरून शांत दिसणाऱ्या प्रवाहाला तेव्हा मोठी ओढ असते, म्हणून लहान मुलांना काठावर एकटे सोडणे धोक्याचे. त्याच सुमारास पाणथळ काठावर डासही होतात. शिवाय या तळांवर आगाऊ नोंदणी होत नाही. जो आधी पोहोचेल त्याची जागा. वसंत आणि शरद ऋतूंत शुक्रवारी सायंकाळी पोहोचणाऱ्यास रिकामी जागा मिळणे कठीण. सोमवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी सकाळी, आधीचे प्रवासी तळ उठवत असताना पोहोचणे श्रेयस्कर.

दुसरा पर्याय पठारावरचा. आर्चेस उद्यानात ‘डेव्हिल्स गार्डन’ हा एकच तळ आहे. तो प्रवेशद्वारापासून सुमारे २९ किलोमीटर आत आहे. तेथे पिण्याचे पाणी आणि फ्लशची शौचालये आहेत, मात्र स्नानगृह नाही. मार्च ते ऑक्टोबर या काळासाठी सहा महिने आधीपासून आगाऊ नोंदणी खुली होते आणि सोयीच्या तारखा झपाट्याने भरतात. कॅनियनलँड्सच्या उत्तर भागातील ‘विलो फ्लॅट’ तळावर जेमतेम बारा जागा आहेत. तेथे नोंदणी नाही आणि पाणीही नाही. डेड हॉर्स पॉइंटच्या तळांवर वीज मिळते. पण तेथे पाणी टँकरने वर आणावे लागत असल्याने पाण्याच्या टाक्या भरूनच या, अशी सूचना उद्यानाकडून दिली जाते. ज्या टोकावर घोडे तहानेने मेले, तेथे आजही पाणी खालून वाहून न्यावे लागते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पठारावर हवा मोकळी आणि रात्र काळोखी. कॅनियनलँड्स, डेड हॉर्स पॉइंट आणि आर्चेस या तिन्ही उद्यानांना ‘डार्क स्काय पार्क’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा तेथे नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतो. मात्र तेथे आडोसा कमी. वसंतात दुपारनंतर सुटणारा वारा तंबू उचलून नेतो, आणि वाळूत आखूड खुंट्या धरत नाहीत. लांब खुंट्या, जड दगड आणि दुहेरी दोर यांची तयारी हवी. दिवस-रात्रीच्या तापमानात २० अंश सेल्सिअसहून अधिक फरक पडू शकतो. दुपारी अंगातला सदरा नकोसा वाटतो आणि पहाटे लोकरीचे पांघरूण अपुरे पडते.

म्हणूनच जागेइतकाच महिनाही महत्त्वाचा. एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल. जुलैमध्ये मोआबचे दुपारचे तापमान ३७-३८ अंशांवर जाते. नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींना हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु तेथील हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही आणि शरीरातील पाणी कधी आटले ते कळत नाही. शाळांच्या सुट्टीमुळे उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर ला साल पर्वतातील ‘वॉर्नर लेक’ हा वनखात्याचा तळ पाहावा. तो सुमारे २,८५० मीटर उंचीवर असल्याने भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो. परंतु श्वासाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय एवढ्या उंचीवर रात्र काढू नये.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणखी एक जोखीम येते, आणि ती सर्वांत गंभीर आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात तेथे विजांसह अकस्मात पाऊस होतो. उघडा खडक आणि पातळ माती पाणी शोषून घेत नाही. पडलेला पाऊस काही मिनिटांत घळींतून धावू लागतो. वर्षभर कोरडे असणारे वाळूचे ओहोळ तळ ठोकण्यास सपाट आणि मऊ दिसतात. ते सपाट झाले तेच मुळी पुराच्या पाण्याने, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडतो. डोक्यावरचे आकाश निळे असते, आणि लोंढा येतो. २० ऑगस्ट २०२२ रोजी मिल क्रीक या ओढ्याला असाच पूर येऊन मोआब शहराच्या मुख्य रस्त्यावर चिखल-पाणी शिरले. शहराची ही गत, तर ओहोळातील तंबूची काय कथा! जागा कितीही सुंदर आणि फुकट असली तरी कोरड्या ओहोळात रात्रीचा मुक्काम करू नये, हा नियम अपवादाविना पाळावा.

आखून दिलेल्या जागेबाहेर तंबू न लावण्यास आणखी एक कारण आहे. तेथील जमिनीवर काळसर, खडबडीत कवच दिसते. ते सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून बनलेले जिवंत आवरण आहे. तेच वाळू धरून ठेवते, ओल टिकवते आणि रोपांना आधार देते. एका पावलाने ते चुरडते आणि पूर्ववत होण्यास कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. खडकावरून, वाळूच्या ओहोळातून किंवा आखलेल्या वाटेवरूनच चालावे, असे तेथील रक्षक प्रत्येकास सांगतात. उद्यानांत सरपण गोळा करण्यासही मनाई आहे. लाकूड शहरातून विकत न्यावे लागते.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहावा. समजा, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असे सहा जण एप्रिलमध्ये तीन दिवसांसाठी जाणार आहेत. माणशी रोज किमान ४ लिटर पाणी, असा उद्यानांचा सल्ला आहे. सहा जणांचे दिवसाचे २४ आणि तीन दिवसांचे ७२ लिटर झाले. स्वयंपाक, भांडी आणि हात-पाय धुणे यांसाठी त्याच्या निम्मे, म्हणजे ३६ लिटर धरले तर बेरीज १०८ लिटरवर जाते. २० लिटरचे सहा कॅन लागतील आणि गाडीवर १२० किलोचा भार वाढेल. सहा माणसे, तंबू आणि अंथरुणे भरलेल्या गाडीत हे बसणार नाही.

हा आकडा समोर आला की निवड आपोआप सोपी होते. पहिली पसंती डेव्हिल्स गार्डनला, कारण तेथे नळ आहे. त्यासाठी ऑक्टोबरमध्येच नोंदणी करावी लागेल. ती न मिळाल्यास नदीकाठच्या तळांपैकी शहराजवळचा तळ घ्यावा, म्हणजे रोज शहरात जाऊन दोन कॅन भरून आणता येतील. देखाव्याच्या मोहाने हिटल बॉटम गाठल्यास पाण्याच्या प्रत्येक फेरीला सत्तर किलोमीटर खर्ची पडतील. दरीत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही आणि रुग्णालय मोआब शहरात आहे, ही बाजूही आजी-आजोबांसाठी जमेस धरली पाहिजे. जमिनीवर झोपणे, रात्री विजेरीच्या उजेडात शौचालयापर्यंत चालणे त्यांना जड जात असेल, तर त्यांची निजण्याची सोय शहरातील हॉटेलात करावी आणि दिवस सर्वांनी मिळून तळावर घालवावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. आई-वडील संकोचापोटी ‘आम्हाला चालेल’ असे म्हणतात. विचारण्याचे काम मुलांचेच आहे, आणि ते निघण्यापूर्वी करायचे असते.

डेड हॉर्स पॉइंटच्या कठड्याशी सायंकाळी उभे राहिले की खाली कोलोरॅडोचे भले मोठे वळण मावळतीच्या प्रकाशात चमकताना दिसते. जवळच्या तळावर पाण्याचे भरलेले कॅन सावलीत ठेवून आलेल्या कुटुंबाला तो देखावा मन भरून पाहता येतो.