पँथर काढायचा तर मंचरला चला

आपल्या पोस्टरवरचा पँथर एकदा नीट बघा. बॅनरवरचा, टी-शर्टवरचा, पोरांनी दंडावर गोंदवलेला. जबडा फाडलेला, सुळे बाहेर, छाती तालमीतल्या पैलवानाची, चारही पाय हवेत. अंगात हाडं नाहीत, अंगाला वजन नाही. हा प्राणी राहतो कुठे, खातो काय, झोपतो केव्हा, काही कळत नाही. नुसता ओरडतोय. आणि खरा बिबट्या साला शिकारीला निघाला की हूं की चूं करत नाही!

हे चित्र आलं कुठून? १९६५-६६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, लाउंड्स काउंटीत काळ्यांनी स्वतःचा पक्ष उभा केला. कैक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर चित्र हवं होतं. समोर गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा होता. कार्यकर्त्यांनी अटलांटातल्या क्लार्क कॉलेजचा पँथर बघितला आणि उचलला. कोंबड्यासमोर पँथर! १९६६ सालीच ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीने तो घेतला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या चित्राने अडाणी ठेवलेल्या माणसाला मत द्यायला उभं केलं. त्याची थोरवी कमी करायचं कारण नाही.

पण अलाबामाच्या रानात बिबट्या नाही. त्यांना चित्रावरून चित्र काढणं भाग होतं. आपल्याला कसली अडचण? पुण्याहून साठेक किलोमीटरवर मंचर. एसटीत बसा. ज्याचं नाव आपण लावतो तो प्राणी तिथल्या उसात जन्मतो, उसात पिल्लं घालतो, उसातच मरतो.

प्राणी न बघता चित्र काढलं की तो मोठा होतो, आणि ज्याने काढून घेतला त्याच्या सोयीचा होतो. जुन्नरला शिवनेरीच्या दरवाजावर शरभ कोरलाय. अंग सिंहासारखं, पण असा प्राणी जगात नाही. दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांवर या शरभाच्या पंजात चिरडलेले हत्ती दिसतात. ते राजाच्या ताकदीचं जाहिरातफलक. आता त्याच सह्याद्रीतला वाघोबा बघा. महादेव कोळी, ठाकर, वारली त्याला पूजतात. शेंदूर लावलेला दगड नाहीतर लाकूड, त्यावर साधा वाघ, बाजूला चंद्र-सूर्य. तो कुणाला चिरडत नाही. शेजारी आहे, भीती आहे, हिशोब आहे. शेजाऱ्याने काढलेला वाघ असा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीवर सारनाथचे सिंह काढायचे होते. नंदलाल बोस यांनी ते काम दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्यावर सोपवलं. सिंह दगडाचेच काढायचे होते. तरी भार्गव कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह बघत बसले. घटनेवरच्या सिंहासाठी एवढी मेहनत, आणि आपला पँथर मोबाइलवरून उतरवायचा?

मग शिकायचं कसं? चाळीतल्या मांजरापासून. फुकट मॉडेल आहे. ती भिंतीवरून चालताना खांद्याचं पातं बघा. पाठीच्या कण्याच्या वर येतं, खाली जातं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, स्नायूंत टांगलेले असतात. म्हणून ती चाल तशी ओघळती. मागच्या पायाचा उलटा वाकलेला गुडघा दिसतो ना, तो गुडघा नव्हे, टाच. हा प्राणी बोटांवर चालतो. स्वतः टाचा उचलून चार पावलं टाका, म्हणजे पाय काढता येईल.

मांजर हातात बसली की बिबट्याकडे वळा. मांजराच्या डोळ्याची बाहुली उजेडात उभी चीर होते, बिबट्याची गोलच राहते. मान जाड, डोकं जड, शेपूट लांब. कानाच्या मागे काळं, त्यात पांढरा डाग. नखं चालताना आत ओढलेली, म्हणून मातीत उमटलेल्या ठशात चार बोटं दिसतात, नखं दिसत नाहीत. ठिपके सगळ्यात शेवटी. आधी हाड, मग मांस, मग कातडं. पाठीवर आणि कुशीवर तुटक्या कड्यांची फुलं, डोक्यावर, पायावर, पोटावर भरीव ठिपके. फुलाच्या आत आणखी ठिपके घातलेत तर तो अमेरिकेतला जॅग्वार झाला. सगळेच भरीव केलेत तर चित्ता. आणि फुलं छापील लुगड्यासारखी सपाट पसरू नका. अंग जिथे वळतं तिथे फूल चपटं होतं. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला मडक्यावरची नक्षी काढली असेल, तोच नियम. कात्रजला जा, राणीच्या बागेत जा. कोळसा आणि रद्दीचा कागद पुरतो.

काळा पँथर काढणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. काळा पँथर ही वेगळी जात नाही! बिबट्याच तो, फक्त कातडीत काळा रंग जास्त. पिवळ्या आईबापाच्या पोटी काळं पिल्लू येऊ शकतं. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावर तीच फुलं दिसतात. २०१८ साली ताडोबात असा एक दिसला होता. तेव्हा डांबर ओतल्यासारखा काळा भरू नका. काळ्यात काळं काढा.

आता मंचर. बिबट्या एकटा काढता येत नाही, त्याच्याभोवतीचं काढावं लागतं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्यात आंबेगाव बुडालं, कालव्याचं पाणी पूर्वेला गेलं, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्ष न हलणारं जंगल. भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याने घर केलं यात त्याचा काय गुन्हा? लोक चिडले की पिंजरा लावायचा आणि धरलेला लांब नेऊन सोडायचा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागाचा अभ्यास २०११ साली छापला. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे न बघता काढलेल्या चित्रासारखीच न बघता केलेली उपाययोजना!

आणि मरतं कोण? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तिघं गेली. त्यात दोन पोरं, एक म्हातारी. मग एक बिबट्या गोळी घालून मारला. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी एका बाजूला रक्तपिपासू नरभक्षक छापला. आपण दुसऱ्या बाजूला क्रांतिवीर छापतो. दोन्ही खोटे, आणि दोन्हींत माणूस नाही.

म्हणून शेवटचा धडा मापाचा. बिबट्या खांद्याला साठ-सत्तर सेंटिमीटर, जास्त नाही. उभ्या माणसाशेजारी काढा, मांडीपर्यंत येतो. आता त्याच कागदावर खुरपायला उकिडवी बसलेली बाई काढा. तिचं आणि त्याचं डोकं जवळपास एका रेषेत येतं. ऊसतोडीला बीडहून आलेल्या कुटुंबाची कोपी काढा, दार नसलेली, आणि आत भुईवर झोपलेलं पोर काढा. मग कुणी न सांगता कळेल की बंगल्यातला मालक बिबट्याच्या नजरेच्या वर का आणि हे सगळे नजरेत का. शेतात रात्री पाणी धरणाऱ्याला दिवसा वीज का पाहिजे, तोडकऱ्याला दार असलेलं घर का पाहिजे, हेही त्याच रेषेवर दिसेल. पोस्टरवरचा दहा फुटी पँथर ही रेष पुसून टाकतो.

पुढच्या मोर्चाच्या बॅनरवर खऱ्या मापाचा बिबट्या येऊ द्या. त्याच्या शेजारी ती खुरपणारी बाई येऊ द्या. आणि बाई पुसट नको, बिबट्याइतकीच गडद.