प्रशिक्षण सभागृहात, बाळ प्रसूतिकक्षात

अकोले तालुक्यातील राजूर परिसरात वाड्या-पाड्यांवरून बाळंतीण दवाखान्यात पोहोचते, तेव्हा अनेकदा वेळ हातातून निसटत चाललेली असते. जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याला कोरडे पुसायचे, पाठ चोळायची आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर अंबू बॅगने हवा द्यायची. हे सारे पहिल्या मिनिटातच. त्या मिनिटाला तिथे असते ती पाळीवरची परिचारिका. मोठ्या शहरातला बालरोगतज्ज्ञ नसतो.

हे कौशल्य शिकवण्यासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला. दोन दिवसांचे प्रशिक्षण, प्लॅस्टिकच्या बाहुलीवर सराव, शेवटी प्रमाणपत्र. हेतू उत्तम, अडचण पुढे सुरू होते. शंभर बाळांपैकी साधारण तीन ते सहा बाळांनाच अंबू बॅग लागते. महिन्याला वीस-पंचवीस बाळंतपणे होणाऱ्या ठिकाणी एखाद्या परिचारिकेच्या वाट्याला असे बाळ कित्येक महिन्यांनी येते. तोवर मास्क चेहऱ्यावर नेमका कसा बसवायचा, हे हात विसरलेला असतो.

टांझानियातील हायडोम या ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव बोलका आहे. तिथे एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवरची परीक्षा सुधारली, प्रत्यक्ष प्रसूतिकक्षातले काम मात्र फारसे बदलले नाही. मग तिथेच दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांचा सराव सुरू झाला. जन्मानंतरच्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत हेच वेगळ्या मार्गाने दाखवले. गावातल्या बायकांना टप्प्याटप्प्याने शिकवले आणि गावात जाऊन त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली. नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

आपली यंत्रणा मात्र अजून ‘किती जण प्रशिक्षित झाले’ एवढेच मोजते. राजूरहून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर. एक परिचारिका प्रशिक्षणाला गेली, की तिची पाळी दुसरीच्या अंगावर पडते. म्हणून जिला सोडणे सोयीचे, तिला पाठवले जाते. जी रोज बाळंतपणे करते, ती मागेच राहते. शिकून आलेलीची बदली झाली, की कौशल्यही तिच्याबरोबर जाते.

उपाय महागडा नाही. प्रत्येक प्रसूतिकक्षात एक बाहुली आणि एक अंबू बॅग सरावासाठी कायम ठेवावी. आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, पाच मिनिटे सराव व्हावा. वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः त्यात हात घालावा. आणि वरिष्ठांनी पाहणीला आल्यावर प्रमाणपत्रांची फाइल मागू नये; पाळीवरच्या परिचारिकेला बाहुलीची छाती वर उचलून दाखवायला सांगावे.