मे महिन्याची पाळी कोणाची?



वार्षिक परीक्षा जवळ आली, म्हणजे आता अभ्यास एके अभ्यास! पण पाच मिनिटं पुस्तक मिटा आणि शाळेच्या मैदानावर चक्कर मारून या. जुलैत वाजतगाजत लावलेली रोपं कशी आहेत? तेव्हा एकेका रोपाभोवती दहा-दहा जण उभे होते. आज कोण आहे?

झाड लावणं एका सकाळचं काम. ते जगवायला मात्र दोन-तीन उन्हाळे लागतात. खरी कसोटी मे महिन्यात. तुम्ही जाता मामाच्या गावाला, रोपाला कुठली सुट्टी? म्हणून पाळीचा तक्ता आत्ताच करा. गावात राहणारी मुलं त्यात आधी घ्या.

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि सांगलीकडच्या आटपाडी-जतमध्ये तो ५०० च्या आसपास! तिकडच्या मित्रांनी कडुनिंब, बोर, चिंच, आपटा अशी काटक झाडं निवडावीत. जुन्या मडक्याला बुडाशी बारीक भोक पाडा, त्यात चिंधीची वात घाला आणि मडकं रोपाशेजारी पुरून पाण्यानं भरा. पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा, ओल टिकते. पाणी घालायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

आईबाबा विचारतील, "शाळेत शिकायला पाठवलंय की पाणी घालायला?" त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करून द्या. सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक हे त्यांच्या घराण्याचं गाव. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं तिथं एकत्र राहत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामं, सगळं स्वतः करत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. संस्थेचं बोधचिन्ह कोणतं, ठाऊक आहे? वटवृक्ष!

पालकहो, एक विनंती. हे काम शिक्षा म्हणून कुणाला देऊ नका. मुलं आपणहून आली, तरच झाड त्यांचं होतं.

आणि मुलांनो, पाणी घालून लगेच पळू नका. याच दिवसांत पळस, पांगरा, काटेसावर फुललेले असतात. अंगावर पान नाही, पण फुलांवर मधासाठी साळुंक्या-बुलबुलांची नुसती भांडणं! दहा मिनिटं गप्प बसून बघा. कोण आलं, ते वहीत लिहा.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या घंटेआधी आपल्या रोपाकडे जा. नवी पालवी दिसली तर मला पत्र टाका. वाळलं असेल तरी टाका. का वाळलं ते मिळून शोधू, आणि पावसाआधी नवा खड्डा घेऊ!