कांगड्याचे आदिनाथ आणि जपून ठेवलेले एक पत्र



आमच्या रेवदंड्याच्या घरी दर पर्युषणात एक वाक्य हमखास ऐकू येते. संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपून सारे घरी परतले, क्षमापना झाली, की मोठे बंधू म्हणतात, "एकदा अष्टापद पाहायचे राहिले आहे." त्यांचे वय आज त्र्याहत्तर. बाजारपेठेतील आमचे वडिलोपार्जित दुकान त्यांनी पन्नास वर्षे सांभाळले. संवत्सरीचा दिवस आणि घरातील दुःखद प्रसंग वगळता त्या दुकानाची फळी कधी पडून राहिली नाही. मी बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव हिंडलो. ते मात्र मांडव्याच्या लाँचपलीकडे क्वचितच गेले.

भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद परंपरेने कैलासाच्या परिसरात मानली जाते. भारत सरकारच्या कैलास-मानसरोवर यात्रेसाठी वयाची मर्यादा सत्तर वर्षांची आहे. परिक्रमेच्या वाटेवरील डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरहून उंच. भाऊंना रक्तदाबाचा त्रास आहे आणि एका गुडघ्याची शस्त्रक्रियाही झालेली आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी कागद पाहून नुसती मान हलवली. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज नामंजूर केले, परंतु डॉक्टरांचा हा नकार भाऊंना समजावून सांगताना माझ्याच तोंडून शब्द फुटेना.

याच सुमारास कांगड्याचा विचार मनात आला. हिमालय म्हटला की विरळ हवा आणि प्राणवायूची नळकांडी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात कांगडा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटरवर आहे. आपले माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे ज्याला माथेरान सोसते त्याला कांगडाही सोसावा. आणि तेथील किल्ल्यात साक्षात आदिनाथ विराजमान आहेत. भाऊंनी हे ऐकून घेतले आणि विचारले, "तेथून बर्फ दिसतो का?" दिसतो, असे मी सांगितले. "मग चला."

कार्तिकी पौर्णिमा होऊन चातुर्मास संपल्यावर आम्ही सहा जण निघालो. मांडव्याहून लाँच, वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस, पठाणकोट कॅन्टोन्मेंटला उतरून पुढे मोटार. हा प्रवास आम्ही एका सहल कंपनीमार्फत ठरवला होता. कार्यक्रमपत्रिकेत कांगड्याच्या किल्ल्यासाठी अर्धा तास आणि धर्मशाळा शहरातील खरेदीसाठी अख्खी दुपार होती! व्यवस्थापकाशी बोलून उपयोग झाला नाही, तेव्हा दोन दिवसांसाठी आम्ही गटातून बाहेर पडलो आणि किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या जैन धर्मशाळेत उतरलो. त्या दोन दिवसांच्या हॉटेलचे पैसे बुडाले. करारात तशी अट होती आणि ती मी सहीपूर्वी वाचली नव्हती. निवृत्त अधिकाऱ्याची ही चूक वाचकांनी करू नये.

पहाटे खोलीबाहेर आलो तो समोर धौलाधार. आपल्याकडे सह्याद्री पायरीपायरीने चढतो. हा पर्वत मात्र हिरव्या खोऱ्यातून एकदम भिंतीसारखा उभा राहतो. खाली भाताची कापलेली शेते आणि कौलारू घरे, वर नुकताच पडलेला बर्फ. आधी शेंड्यांवर उजेड आला, मग तो हळूहळू खाली उतरला. भाऊ शाल गुंडाळून बराच वेळ ओट्यावर बसून होते. वहिनींनी दोनदा हाक मारली, तेव्हा उठले.

बाणगंगा आणि माझी या नद्यांच्या संगमावर, उभ्या कड्यावर हा किल्ला आहे. त्याचे ऐश्वर्यच त्याला भोवले. इ. स. १००९ मध्ये गझनीच्या महमुदाने तो लुटला, १६२० मध्ये जहांगीराच्या सैन्याने घेतला, १८०९ मध्ये तो महाराजा रणजितसिंहांकडे आला आणि १८४६ मध्ये इंग्रजांकडे. उरलेसुरले ४ एप्रिल १९०५ च्या सकाळी भूकंपाने पाडले. त्या दिवशी या खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसे गेली. आज एकामागून एक दरवाजे ओलांडीत वर जावे लागते. शेवटचा दर्शनी दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना गंगा आणि यमुना. आत लक्ष्मीनारायण मंदिराची कोरीव भिंत तेवढी उभी आहे, अंबिकेचे देऊळ आहे आणि जवळच एका लहानशा दगडी गाभाऱ्यात पद्मासनस्थ आदिनाथ.

चढ मोठा आहे. भाऊ दर वीस पायऱ्यांनी थांबत होते आणि थांबल्याचे कारण म्हणून दरवाजांची रचना पाहत असल्याचे सांगत होते. दीड तास लागला. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ते निम्म्या वाटेवरूनच परतले असते.

आता या तीर्थाची जी गोष्ट मला विशेष सांगाविशी वाटते, ती सांगतो. हे तीर्थ काही शतके आपल्या समाजाच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले होते. ते परत मिळाले ते एका पत्रामुळे. विक्रम संवत १४८४ मध्ये, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांपूर्वी, खरतरगच्छाचे उपाध्याय जयसागर सिंधमधील फरीदपूरच्या संघासह नगरकोटला, म्हणजे याच कांगड्याला, यात्रेस आले. परतल्यावर त्यांनी पाटण येथे असलेल्या आपल्या आचार्यांना, जिनभद्रसूरींना, संस्कृतात सविस्तर पत्र लिहिले. वाटेतील नद्या, मुक्काम, नगरातील मंदिरे, राजा रूपचंदाने करविलेल्या मंदिरातील महावीरांची सुवर्णप्रतिमा, किल्ल्यातील आदिनाथ, तेव्हाचा राजा नरेंद्रचंद्र याने केलेले संघाचे स्वागत, सारे त्यात आहे. ते पत्र म्हणजे ‘विज्ञप्ति त्रिवेणी’. पाटणच्या ज्ञानभांडारात ते पडून राहिले. मुनी जिनविजयजींच्या हाती ते लागले आणि १९१६ मध्ये भावनगरहून प्रसिद्ध झाले. मग विस्मरणातील तीर्थाचा शोध सुरू झाला. आचार्य विजयवल्लभसूरी पंजाबचा संघ घेऊन येथे आले. १९७८ मध्ये महत्तरा साध्वी मृगावतीश्रीजींनी कांगड्यात चातुर्मास केला. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने पूजेची परवानगी मिळवणे सोपे नव्हते, ती त्यांच्या प्रयत्नांनी मिळाली. पायथ्याचे मंदिर आणि धर्मशाळा ही त्याच चिकाटीची फळे.

बँकेत आम्ही जुने रजिस्टर ठरावीक वर्षांनी रद्दीत काढत असू. पाटणच्या भांडाऱ्याने तसा नियम लावला असता तर? गाभाऱ्यासमोर बसलो असताना हा विचार मला सोडीना. आपल्या कोकणपट्टीतून गेल्या शंभर वर्षांत किती संघ शिखरजीला, पालिताण्याला गेले! कोण गेले, किती दिवस लागले, कोठे उतरले, याची एक वही तरी किती घरांत शिल्लक आहे? आमच्या घरी नाही.

दुसऱ्या दिवशी बैजनाथला गेलो. हे शिवमंदिर इ. स. १२०४ मधले, आणि ते बांधले मन्युक आणि आहुक या दोन व्यापारी बंधूंनी. मंडपातील शिलालेखांत त्यांची नावे आहेत, स्थपतींची आहेत आणि नित्य खर्चाची तरतूदही आहे: जकातीच्या उत्पन्नातून रोज सहा द्रम्म आणि तेलाचा घाणा. मंदिर बांधून देणारे पुष्कळ असतात. दिव्याच्या तेलाचाही विचार करणारे हे दोघे अस्सल दुकानदार असले पाहिजेत. याच मंदिरात महावीरप्रतिमेचे आसन आहे. संवत १२९६ चा लेख त्यावर सांगतो की दोल्हण आणि आल्हण या व्यापारी बंधूंनी ती मूर्ती बसवली. मूर्ती आज तेथे नाही, नावे आहेत. १९०५ च्या भूकंपात कांगड्याचे वज्रेश्वरी मंदिर कोसळले, बैजनाथचे मात्र किरकोळ हानीवर टिकले. (वाचकांतील सराफ मंडळींसाठी एक गंमत: बैजनाथात सोन्याचे दुकान चालत नाही अशी स्थानिकांची पक्की समजूत आहे. आमच्यातील एक जण सराफ आहेत. त्यांनी लगेच भाड्याचे दर विचारले.)

ही परंपरा आपल्याला परकी नाही. राजपुरीच्या खाडीकाठच्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांत दात्यांची जी नावे कोरली आहेत त्यांत श्रेष्ठी आहेत, माळी आहेत आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. भाऊंच्या दुकानापासून ती लेणी मोटारीने काही तासांवर. त्यांनी ती अजून पाहिलेली नाहीत. मीही निवृत्तीनंतरच पाहिली.

पठाणकोट ते जोगिंदरनगर ही १६४ किलोमीटरची छोटी रेल्वे १९२९ मध्ये सुरू झाली. माथेरानच्या गाडीहून तिचा रूळ सहा इंच रुंद. डोंगर पोखरण्याऐवजी तो वळसे घेत ओलांडायचा, अशी तिची आखणी असल्याने एवढ्या वाटेत बोगदे अवघे दोन. २०२२ च्या पुरात चक्की नदीवरील तिचा पूल वाहून गेला, म्हणून जाण्यापूर्वी ती कोठपर्यंत धावते याची चौकशी करावी. जवळच परागपूर आहे, १९९७ मध्ये राज्य सरकारने वारसा-ग्राम म्हणून घोषित केलेले. सूद व्यापाऱ्यांच्या जुन्या हवेल्या, फरसबंद गल्ल्या आणि मध्ये तलाव. आम्हाला तेथे तासभरच मिळाला.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नोव्हेंबरात कांगड्यात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, आपल्याकडच्यापेक्षा बराच आधी. चौविहार करणाऱ्यांनी दुपारचा कार्यक्रम त्या बेताने आखावा. पायथ्याच्या भोजनशाळेत अडचण नाही. बाहेर जेवताना विचारून घ्यावे. तेथला प्रसिद्ध मद्रा हा पदार्थ दह्यात शिजवलेल्या चण्यांचा असतो. द्विदलाचा नियम काटेकोर पाळणाऱ्या आमच्या वहिनींनी ते ताट नम्रपणे परत केले आणि सोबतच्या खाकऱ्यांवर भागवले. फाल्गुनात, होळीच्या सुमारास, पंजाबातील संघ येथे यात्रेला येतात. तेव्हा गर्दी असते, पण दर्शनाला रंगही वेगळाच असतो म्हणतात.

किल्ल्यातील त्या गाभाऱ्यात भाऊ किती वेळ बसले ते मी मोजले नाही. सामायिक पुरे करून उठले, दगडी उंबऱ्याला हात लावला आणि धौलाधारकडे पाहत म्हणाले, "अष्टापद याच्याही मागे असेल." मी हो म्हटले. उतरताना ते दरवाजांची रचना पाहायला थांबले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी दुकानातील एक कोरी खतावणी काढली. पहिल्या पानावर तिथी, आम्हा सहा जणांची नावे, मुक्काम, भाडे, धर्मशाळेत दिलेली रक्कम, बुडालेले हॉटेलचे पैसे, असे सगळे त्यांच्या वळणदार अक्षरात उतरले आहे. पुढची पाने कोरी ठेवली आहेत. फाल्गुनात पुन्हा जायचे म्हणून तिजोरीच्या किल्ल्या कोठे असतात, हे त्यांनी आपल्या मुलाला आताच दाखवून ठेवले आहे. पन्नास वर्षांत प्रथमच.