विश्लेषण: ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’ असं बँक का सांगते? मुरबाड-शहापूरच्या ग्राहकांसाठी त्याचा अर्थ काय?

नेट बँकिंगचं पान उघडायला जावं आणि समोर संदेश यावा: ‘हा ब्राउझर चालणार नाही, कृपया नवी आवृत्ती वापरा.’ शहरात हा पाच मिनिटांचा वैताग असतो. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत घरात एकच जुना फोन असेल आणि शाखा गाठायला एसटीची वाट पाहावी लागत असेल, तर याच संदेशामुळे पैशांचा व्यवहार अडतो. २०२५च्या उत्तरार्धापासून असा नकार मिळण्याची कारणं वाढली आहेत. ती कोणती? त्यात बँकेचा दोष किती? आणि ग्राहकाने काय करावं?

हा प्रश्न आत्ताच का?

२०२५च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत तीन बदल झाले.

पहिला फोनचा. गुगलने क्रोमची १३९वी आवृत्ती आणली आणि त्यासाठी किमान अँड्रॉइड १० ची अट घातली. अँड्रॉइड ८ आणि ९ असलेल्या फोनवर क्रोम १३८व्या आवृत्तीवरच थांबला. तो उघडतो, पण त्यातल्या नव्या त्रुटी आता दुरुस्त होत नाहीत.

दुसरा संगणकाचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपवला. विंडोज ७ ची अवस्था त्याहून वाईट आहे. त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९वा, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०व्या आवृत्तीपासून ती दारं बंद झाली.

तिसरा बँकांच्या पत्त्यांचा. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे खोटी संकेतस्थळं ओळखणं सोपं व्हावं हा हेतू. पण ब्राउझरमध्ये जुना पत्ता जपून ठेवलेल्या ग्राहकाला पान वेगळं दिसलं, तर आपला फोन बिघडला की बँक बदलली, हे कळायला मार्ग नसतो.

धसईच्या प्रयोगातून काय दिसतं?

मुरबाड तालुक्यातलं धसई अनेकांना आठवत असेल. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक यांच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांना कार्ड घासायची यंत्रं मिळाली. पुढे गावातला बराच व्यवहार रोखीवर परतल्याच्या बातम्या आल्या.

त्या प्रयोगात एक गोष्ट वेगळी होती. यंत्र बँकेने दिलं होतं, त्यामुळे ते जुनं झालं किंवा बंद पडलं तर बँकेला विचारता येत होतं. आज बँकेचं दार म्हणजे ग्राहकाचा स्वतःचा फोन आणि त्यातला ब्राउझर. बँकेने आपली बाजू सुधारली की ग्राहकालाही आपली बाजू सुधारावी लागते, आणि तो खर्च बँकेच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. ब्राउझरचा वाद वरवर तांत्रिक दिसला, तरी खरा मुद्दा हा खर्च कोणी उचलायचा, हा आहे.

ब्राउझर जुना असला तर बँकेचं काय बिघडतं?

बँकेचं संकेतस्थळ आणि तुमचा ब्राउझर यांच्यात जाणारी माहिती कुलूपबंद असते. या कुलपाच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ची आणि त्यानंतरची २००६ची. या दोन्ही कमकुवत ठरल्या आणि २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी त्या बंद केल्या. आता २००८ आणि २०१८च्या आवृत्त्या चालतात. ज्या ब्राउझरला नवं कुलूप लावताच येत नाही, त्याच्याशी बँकेने बोलायचं ठरवलं तर जोखीम ग्राहकाच्याच खात्याला असते.

दुसरं कारण त्रुटींचं. ब्राउझरमध्ये सतत नव्या फटी सापडतात आणि कंपन्या त्या बुजवतात. आधार संपलेल्या ब्राउझरमध्ये फट उघडी राहते, आणि ती कुठे आहे हे चोरांनाही माहीत झालेलं असतं.

तिसरं कारण ग्रामीण भागात जास्त लागू पडतं. कमी डेटा लागतो म्हणून अनेक जण ऑपेरा मिनी वापरत आले आहेत. त्याच्या सर्वाधिक बचतीच्या प्रकारात पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे लहान केलं जातं आणि मग फोनवर येतं. म्हणजे बँक आणि ग्राहक यांच्यात तिसरा येतो. बातम्या वाचायला ते ठीक, पासवर्ड टाकायला नाही. स्वस्त फोनवर असाच लोकप्रिय असलेला यूसी ब्राउझर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये होता.

मग प्रत्येक नकार सुरक्षेसाठीच असतो का?

नाही, आणि इथेच ग्राहकाने फरक ओळखायला हवा.

प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख सांगतो: नाव, आवृत्ती, कोणत्या यंत्रणेवर चालतो. काही संकेतस्थळं एवढीच ओळख वाचून दार उघडायचं की नाही ते ठरवतात. यादीत फक्त क्रोम असेल, तर अगदी कालच सुधारलेला फायरफॉक्सही ‘चालणार नाही’ ठरतो. त्यात सुरक्षेचा प्रश्न नसतो. संकेतस्थळ बनवणाऱ्याने दुसऱ्या ब्राउझरवर तपासणीच केलेली नसते. संदेश मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच येतो.

साधी कसोटी अशी: तुमच्या ब्राउझरला अजून सुधारणा मिळत असतील आणि तरी नकार आला, तर तक्रार बँकेकडे करायची. सुधारणा बंद झाल्या असतील, तर नकार योग्य आहे.

एकाच ब्राउझरवर अवलंबून राहिल्याने काय होतं?

याचं मोठं उदाहरण दक्षिण कोरियाचं. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिथे सीड नावाची स्वतःची संकेतपद्धती तयार झाली. ती ब्राउझरमध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्स या तंत्राचा आधार घेतला गेला. परिणामी नेट बँकिंगसाठी अनेक वर्षं इंटरनेट एक्स्प्लोररच लागायचा. त्या काळी ही सुरक्षेची सोय होती, पुढे तीच अडचण ठरली. सरकारी प्रमाणपत्राची ती व्यवस्था कायद्याने बदलायला डिसेंबर २०२० उजाडलं.

आपल्याकडेही डिजिटल सहीसाठी जावा लागणारी सरकारी संकेतस्थळं होती. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये त्यासाठीचं तंत्र काढून टाकलं, तेव्हा तेवढ्या एका कामासाठी इंटरनेट एक्स्प्लोरर सांभाळणं भाग पडलं. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी तोही निवृत्त केला.

रिझर्व्ह बँकेचे नियम काय सांगतात?

डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्देश दिले. मोबाइल अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की जुनी टप्प्याटप्प्याने, पण सहा महिन्यांच्या आत बंद करावी, असं त्यात आहे. रोख जुनं लवकर बंद करण्यावर आहे. ज्याचा फोन नवी आवृत्ती घेऊच शकत नाही, त्याला तोवर कोणता पर्याय द्यायचा, हा प्रश्न उरतोच.

शिवाय हे निर्देश व्यापारी बँकांसाठी होते, ग्रामीण बँका त्यातून वगळल्या होत्या. सहकारी बँकांचं गणित आणखी वेगळं. २०१५च्या परिपत्रकानुसार त्यांच्या नेट बँकिंगचे दोन प्रकार झाले: फक्त खातं पाहण्याची सोय आणि पैसे पाठवण्याची सोय. दुसऱ्यासाठी ५० कोटी रुपयांच्या नक्त मालमत्तेसह अनेक अटी होत्या. लहान बँकेकडे तंत्रज्ञांची फौज नसते, संकेतस्थळ बाहेरच्या कंपनीकडून घेतलेलं असतं. चार ब्राउझर आणि दहा फोनांवर तपासणी करण्याचा खर्च तिथे आधी कापला जातो.

जुन्या ब्राउझरवरून व्यवहार केला आणि पैसे गेले तर?

२०१७च्या नियमांनुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे लंपास केले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. जुना ब्राउझर वापरणं हा निष्काळजीपणा आहे, असं बँक म्हणू शकते. मात्र ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवरच असतो, हे त्याच नियमात आहे.

ग्राहकाने काय करावं?

- फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. १० किंवा पुढची असेल, तर प्ले स्टोअरमधून क्रोम सुधारून घ्या. त्याहून जुनी असेल, तर फायरफॉक्ससारख्या दुसऱ्या ब्राउझरला सुधारणा मिळतात का ते तपासा.
- विंडोज ७ च्या संगणकावर बँकेचं काम करू नका. यंत्र धडधाकट असेल, तर जाणकाराकडून त्यावर लिनक्स टाकून घेता येतं. ते मोफत आहे आणि त्यावर नवे ब्राउझर चालतात.
- ‘ब्राउझर जुना झाला, इथे दाबा’ असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने आला तर उघडू नका. बँक अशा प्रकारे अ‍ॅपची फाइल पाठवत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.
- बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते पाहा.
- ब्राउझरशिवायचे मार्ग लक्षात ठेवा. साध्या फोनवर *९९# डायल करून, किंवा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे मधून व्यवहार होतो. बँक मित्र किंवा पोस्टमनकडे आधार आणि बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात.
- अद्ययावत ब्राउझर असूनही नकार आला, तर बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या आहेत. त्यामुळे ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खातेदारालाही हा मार्ग खुला आहे.

बँकांनी काय करायला हवं?

असुरक्षित ब्राउझर बंद करणं बरोबरच आहे. प्रश्न तो कसा बंद करायचा याचा आहे. आधार संपण्याच्या तारखा ब्राउझर कंपन्या आधीच जाहीर करतात, त्यामुळे बँकेला ग्राहकांना काही महिने आधी मराठीत एसएमएस पाठवणं अवघड नाही. नकाराच्या संदेशात ‘चालणार नाही’ एवढंच न सांगता, का चालणार नाही, आता कुठे जावं आणि कोणत्या क्रमांकावर विचारावं, हेही लिहिता येतं. पैसे पाठवणं बंद केलं, तरी शिल्लक कळण्याची सोय मिस्ड कॉल किंवा एसएमएसवर ठेवता येते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. तो खटला अपंग व्यक्तींच्या केवायसीचा होता, पण निकालात ग्रामीण आणि वंचित घटकांचाही विचार आहे. टोकावडे किंवा डोळखांबच्या माणसाला शाखेत जायचं तर त्या दिवसाची रोजी बुडते. बँकेने पर्याय न देता पान बंद केलं, तर सुरक्षेच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा त्याच्याच खिशातून जातो.