'उर्फ' सांगायला संकोच नको

सभासद बंधू-भगिनींनो,

लागणीची नोंद घ्यायला बांधावर गेलो की मी नाव विचारतो. उत्तर येते, "लिहा, बाळासाहेब." सात-बारा बघावा तर त्यावर दत्तात्रय, अन् पासबुकावर दत्तू. माणूस एकच, पण कागदाच्या लेखी तिघेजण!

गावात याने काही अडत नाही. अण्णा म्हटले की कोणते अण्णा, हे शेंबडे पोरही सांगते. पण बँकेतला संगणक काही आपल्या गावचा नाही. गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचे बिल नाव जुळेना म्हणून परत आले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत मिळायचे. इथे म्हातारा महिनाभर गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता, अन् सोसायटीचे व्याज चढत होते. चूक कुणाची? निम्मी माझी. नोंद मीच घेतली होती. तोंडाने सांगितले तेच लिहिले, कागद बघितला नाही.

'उर्फ' हा शब्द अशा वेळेसाठीच आहे. मूळ अरबी. अर्थ एवढाच, की याच माणसाला या नावानेही ओळखतात. इंग्रजी कागदात त्या जागी 'ए.के.ए.', 'एलियस' किंवा नुसते @ हे चिन्ह असते. लिहिताना सात-बाराचे नाव आधी, हाकेचे नंतर: 'दत्तात्रय उर्फ बाळासाहेब'. मध्ये चुकून 'व' पडला तर एकाचे दोन खातेदार होतात, हे ध्यानात ठेवा.

उसाचे उर्फ आपल्याला पाठ असतात. को ८६०३२ म्हणजे नीरा, कोएम ०२६५ म्हणजे फुले २६५, हे कुणी शिकवावे लागत नाही. मग स्वतःचे सांगायला संकोच का? भगिनींनी तर माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे आवर्जून सांगावीत. वारस नोंदीच्या वेळी पोरांची धावपळ वाचेल.

माझे स्पष्ट मत असे, की आपल्या नोंदणी अर्जात 'उर्फ'साठी वेगळा रकाना हवा. मात्र उर्फ लावले म्हणजे काम संपले, असे नाही. बँकेत आणि आधारवर सात-बाराप्रमाणे एकच नाव करून घेणे हा खरा उपाय. तोवर नोंदीला येताना तिन्ही कागद सोबत आणावेत, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी