हिमगौरी कोणाची?

संग्रह करणे हा काही अपराध नव्हे. कोणी नाणी जमवितो, कोणी ताम्रपट, कोणी जुन्या पोथ्या. तसा कोणी हिमगौरीची चित्रे, बाहुल्या आणि चिनी मातीच्या पुतळ्या जमवीत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणासही नाही. आमचा वाद या छंदाशी नसून त्याच्या पोटी वाढलेल्या एका समजुतीशी आहे. खरी हिमगौरी एकच, आणि ती म्हणजे वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतून निघालेली, पिवळ्या घागऱ्याची व उभ्या पांढऱ्या गळपट्टीची, अशी ती समजूत होय. तिची किंमत संग्राहकाच्या खिशापुरती राहत नाही. ती आपणा सर्वांना द्यावी लागते.

प्रथम मालकीचा इतिहास पाहू. ग्रिम बंधूंनी ही कथा १८१२ साली जर्मनीत छापली. कासेल येथील हासेनफ्लुग कुटुंबाकडून ती त्यांना मिळाली, असे अभ्यासक मानतात. पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सात बुटक्यांना ग्रिम यांनी नावेही दिली नव्हती. कथा सांगणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे वळण घेत होती. तीच मराठीत ‘हिमगौरी आणि सात बुटके’ होऊन आली, तेव्हा तिला कोणाच्या परवान्याची गरज नव्हती. गौरी म्हटले की भाद्रपदातील गौर ज्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, त्या मुलींना ही राजकन्या परकी वाटलीच नाही.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे डिस्ने यांचा चित्रपट प्रथम दाखविला गेला. तो थोर कलाकृती आहे, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. गुस्ताफ टेंगग्रेनसारख्या चित्रकाराने त्या अरण्याला व त्या झोपडीला रूप दिले. परंतु पडद्यावर जे हलते, ते सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने व रंगाने उतरविले ते चित्रशाळेतील स्त्रियांनी, आणि त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत. हिमगौरीला आवाज देणाऱ्या आद्रियाना कॅसेलोटी यांचेही नाव तेथे नाही. ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नात वाटा मिळावा म्हणून त्यांनी १९३८ साली न्यायालयात धाव घेतली.

येथे संग्राहक म्हणेल, “आम्ही नसतो तर हे पत्रेही उरले नसते.” त्याचे म्हणणे खरे आहे. चित्रण संपले की पत्रे धुऊन पुन्हा वापरण्याची चित्रशाळांची रीत होती. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोतील कुर्व्हाझिए चित्रदालनाने या चित्रपटाचे पत्रे विकावयास काढले आणि ते लोकांच्या घरी पोहोचले. पिवळे पडणारे, आकसणारे, रंगाचे पोपडे सुटणारे हे पत्रे ज्यांनी जिवापाड जपले, त्यांचे ऋण कलेच्या इतिहासावर आहे. अशा संग्राहकास आम्ही वंदन करतो.

परंतु आजच्या बाजारात त्याच्या शेजारी दुसरीच वस्तू मांडलेली असते. अंक घातलेली, प्रमाणपत्र जोडलेली, ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून कारखान्यातून आलेली बाहुली! पत्रा दुर्मिळ झाला तो काळाने. ही बाहुली दुर्मिळ झाली ती हुकुमाने. २००० च्या सुमारास कंपनीने आपल्या साऱ्या राजकन्या एका छापाखाली आणल्या, तेव्हापासून हा माल वाढतच गेला. त्या प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव ठळक असते; बाहुली घडविणाऱ्या हातांचे नाव शोधून पाहावे.

आता कायद्याकडे वळू. स्वामित्वहक्काला अंत असतो; अमेरिकेत या चित्रपटाचा हक्क २०३२ च्या अखेरीस संपेल. व्यापारचिन्हाचे तसे नाही. ते वापरात राहिले आणि त्याचे नूतनीकरण होत गेले, तर त्याला मरण नाही. डिस्ने कंपनीने २००८ साली हिमगौरीच्या इंग्रजी नावासाठीच चित्रपट, दूरचित्रवाणी, रंगभूमी इत्यादी करमणुकीच्या क्षेत्रात अर्ज केला आणि २०१३ साली ते नाव तिच्यापुरते नोंदले गेले. साहित्यकृती तेवढ्या वगळल्या. यामुळे कथा बंदिस्त झाली, असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली इतरांनी याच कथेवर दोन चित्रपट काढलेच. पण लोककथेच्या नावाभोवती कुंपणाचा एक खांब रोवला गेला, हे कसे नाकारावे?

आणि व्यापारचिन्ह जगते कशावर? नाव ऐकताच लोकांच्या मनात एकाच मालकाची आठवण होते, यावर. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलमही वापराने प्राप्त झालेले वेगळेपण मान्य करते. म्हणून जो संग्राहक ‘अस्सल हिमगौरी’ म्हणून केवळ कंपनीचा शिक्का पाहतो, तो नकळत त्या मालकीच्या बाजूने साक्ष देत असतो.

यावर उपाय अवघड नाही. संग्राहकांनी आपल्या कपाटात चित्रपटाच्या पत्र्याशेजारी ग्रिम यांची जुनी सचित्र आवृत्ती ठेवावी, एखादे मराठी वा कोंकणी बालपुस्तक ठेवावे, गावच्या चित्रकाराकडून काढून घेतलेली हिमगौरी ठेवावी. चिठ्ठीवर किंमत लिहिण्याआधी, ज्ञात असेल तेथे, रंग भरणारीचे नाव लिहावे; ज्ञात नसेल तेथे ‘नाव नोंदलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. संग्रहालयांनी आणि लिलाव करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. एवढे न करता, दावा सांगणारी कंपनी एक आणि तिच्या बाजूने फुकट साक्ष देणारे हजारो, अशी स्थिती राहिली, तर निकाल काय लागेल हे सांगावयास वकिलाची गरज नाही.